मुक्कामी गाडीची गोष्ट

सरकारी नोकरीत माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास कार्यालयातली टेबलं बाजूला सरकतात, खुर्च्या मांडल्या जातात, शाल-श्रीफळ होतं, फोटो होतात आणि मानपत्र वाचलं जातं. साताऱ्यातल्या आमच्या कार्यालयात ते मानपत्र मी लिहिते. मी आस्थापना शाखेत आहे. सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असतात, त्यामुळे तारखा माझ्याकडे, आणि तारखा माझ्याकडे म्हणून मानपत्रही माझ्याकडे.

सेवापुस्तकात माणसाची अख्खी नोकरी असते. नेमणूक, बदल्या, वेतनवाढी, अर्जित रजा, घरबांधणी अग्रिम, क्वचित एखादी विभागीय चौकशी. प्रत्येक नोंदीखाली सही आणि शिक्का. मानपत्राचाही साचा ठरलेला होता. 'आपल्या मनमिळाऊ व हसतमुख स्वभावाने आपण सर्वांची मने जिंकलीत' इथून सुरुवात, आणि 'आपले उर्वरित आयुष्य सुखसमृद्धीचे जावो हीच ईश्वरचरणी प्रार्थना' इथे शेवट. मधली नावं आणि वर्षं तेवढी बदलायची.

काही वर्षांपूर्वी आमचे शिपाई मामा निवृत्त व्हायचे होते. पेन्शनच्या कागदांवर सह्या घ्यायला मी त्यांना समोर बसवलं होतं. सेवापुस्तक उघडं होतं. पाटण तालुक्यातल्या एका जुन्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हितं पगार भिजला होता."

तेव्हा पगार रोखीनं होई. बँकेतून रोकड घेऊन रोखपाल आणि मामा निघाले होते, पावसाचे दिवस, वाटेतल्या ओढ्याला पाणी आलेलं. बेंदूर तोंडावर आला होता आणि सगळे पगाराची वाट बघत होते. मामांनी थैली डोक्याला बांधली, रोखपालांचा हात धरला आणि पलीकडे गेले. तरी थैली भिजलीच. रात्र एका धनगराच्या घरी काढली. चुलीपुढं घोंगडं अंथरून त्यावर रात्रभर दोघं नोटा वाळवत बसले. घरातली म्हातारी त्यांच्याबरोबर जागी राहिली, जाळ घालत राहिली. "तिनं एकदासुदिक इचारलं न्हाई किती हायेत म्हणून," मामा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मानपत्र लिहायला बसले तेव्हा 'मनमिळाऊ व हसतमुख' लिहवेना. मी ओढा लिहिला, थैली लिहिली, ती म्हातारी लिहिली. समारंभात वाचायला उभी राहिले. ओढ्याच्या काठापर्यंत आले तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. श्वास घ्यायला म्हणून मी जरा थांबले, तर मागून कोणीतरी म्हणालं, "मग?" मामांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली, "आमास्नी ह्यांनी ह्ये कधी सांगितलं न्हाई बघा." आणि मग नवऱ्याकडे वळून तिनं त्या म्हातारीबद्दल विचारायला सुरुवात केली.

ते 'मग?' मी ओळखलं. कितीतरी वर्षांनी ऐकलं, पण ओळखलं.

माझं लहानपण वाईतलं, गंगापुरीतलं. १९८०चं दशक संपत आलं होतं. दर वर्षी मे महिन्यात आई आमच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं फाडून एकत्र करायची आणि आप्पा दाभणानं, जाड दोऱ्यानं ती शिवून रफ वह्या बनवायचे. एकेरी, दुरेघी, चौकटी असा सगळा कागद एकाच वहीत. त्यातली एक वही माझ्या गोष्टींची. गणिताची चौकटी पानं आली की माझं अक्षर आपोआप बारीक व्हायचं.

मी लिहायचे ते धाकट्या भावासाठी. तो तेव्हा जेमतेम वाचायला लागला होता, त्यामुळे लिहिलेलं मीच त्याला रात्री वाचून दाखवायचे. ग्रंथालयात 'चांदोबा' यायचा, बालभारतीचं 'किशोर' यायचं. 'चांदोबा'तला वेताळ दर महिन्याला गोष्ट सांगून राजाला कोड्यात पाडायचा, राजाचं मौन मोडलं की पुन्हा झाडावर जाऊन लटकायचा. पुढच्या अंकात राजा पुन्हा त्या झाडाशी. थांबायचं कुठं हे मी त्याच्याकडूनच शिकले असणार. गोष्ट ऐन रंगात आली की खाली ठळक अक्षरात 'क्रमशः' लिहून मी वही मिटत असे. भाऊ अंथरुणात उठून बसायचा. "मग? पुढं काय झालं, ताई?" पुढं काय होणार हे मलाही ठाऊक नसायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाता-येता ते सुचायचं, कारण रात्री सांगायला लागणारच होतं.

वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि १९७६ साली पहिला खंड आला, हे सगळं मला पुढं कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं की काही माणसं सकाळी डबा घेऊन कामाला जातात आणि त्यांचं काम म्हणजे लिहिणं. त्यामुळे लिहिणं ही रोज करायची गोष्ट आहे, असं मला त्या वयात अगदी साधेपणानं वाटायचं. त्यासाठी कोणी वेगळं असावं लागतं, असं मनातही आलं नव्हतं. शिवाय घरात आप्पा होते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर ही मंडळी गावोगाव कथाकथन करत, तो काळ आप्पांच्या तरुणपणाचा. मैदानात सतरंजीवर बसून ऐकलेल्या गोष्टी ते आम्हाला आवाज बदलून पुन्हा सांगायचे. आमच्या घरात गोष्ट ही आधी कानांवर पडायची.

माझ्या वहीतली सगळ्यात लांबलेली गोष्ट होती मुक्कामी गाडीची. ज्यांनी खेडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची एसटी शेवटच्या गावात जाऊन रात्री तिथंच थांबते आणि पहाटे परत निघते, ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेत नाहीतर गाडीतच झोपतात. माझी गाडी पसरणीचा घाट चढून पलीकडे जायची. कंडक्टर तिकिटं मोजतो आणि माणसं मोजतो, तर एक माणूस जास्त भरतो. पुन्हा मोजतो, पुन्हा एक जास्त. प्रत्येकाकडे तिकीट आहे. इथं 'क्रमशः'. ही गोष्ट मी किती रात्री ताणली असेल देव जाणे, भाऊ घाटातल्या प्रत्येक वळणाची चौकशी करायचा.

लिहिणं कधी थांबलं याची तारीख नाही. वरच्या वर्गांत गेल्यावर शाळेतल्या निबंधानं माझ्या लिहिण्याचा ताबा घेतला. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'शाळेच्या घंटेचे आत्मवृत्त', 'मी पाहिलेला अपघात'. सुरुवातीला सुभाषित, मध्ये दोन काव्यपंक्ती, शेवटी बोध. त्याला चांगले मार्क मिळत आणि मला ते जमत होतं. मग टायपिंग. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांच्या परीक्षा, लिपिकाची नोकरी, लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. या वर्षांबद्दल मला खंत नाही, त्यातलं बरंचसं मला मनापासून आवडलेलं आहे. गोष्टी मात्र त्यात कुठं नव्हत्या.

मामांच्या मानपत्रानंतर मी दोनशे पानी वही आणली. संगणकावर लिहिता आलं असतं, बोटांना सवयही आहे, पण ती सवयच आड येत होती. कीबोर्डवर हात ठेवला की बोटं आपोआप 'उपरोक्त विषयास अनुसरून'कडे धावत. पेननं लिहिताना निदान वेग कमी होतो आणि पुढचा शब्द येण्याआधी तो ऐकू येतो. मी ठरवलं की नवीन काही शोधत बसायचं नाही, मुक्कामी गाडीपासूनच सुरुवात करायची. पहिलं वाक्य लिहिलं:

'सायंकाळी सहा वाजता बस आगारातून सोडण्यात आली.'

पुढचं: 'प्रवाशांना तिकिटे देण्यात आली.' त्यापुढचं: 'घाटात अंधार पडल्याचे निदर्शनास आले.'

माझ्या वाक्यांत कोणी माणूसच नव्हता. बस कोणी सोडली? तिकिटं कोणी दिली? अंधार कोणाला दिसला? कार्यालयाच्या भाषेला मी नावं ठेवणार नाही. तिथं हुकूम खुर्ची काढते, व्यक्ती काढत नाही. उद्या खुर्चीवर दुसरं कोणी आलं तरी तो हुकूम चालला पाहिजे, म्हणून करणाऱ्याला वाक्यातून बाहेर ठेवतात. त्या भाषेचा तो न्याय आहे आणि तो मला पटतो. पण इतकी वर्षं रोज तेच लिहिल्यामुळे माझ्या हाताला करणाऱ्याचं नावच येईना, आणि गोष्टीत तर सगळं काही करणाऱ्यापासून सुरू होतं. कोणीतरी काहीतरी करतो, म्हणून पुढं काहीतरी घडतं.

मग मी एकच काम हाती घेतलं. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला विचारायचं, 'कोणी?' बस सोडण्यात आली. कोणी सोडली? कंट्रोलरनं. कशी? खिडकीतून मान बाहेर काढून शिट्टी मारली. ड्रायव्हरनं काय केलं? चहाचा उरलेला घोट कपातच टाकला. आता तो घोट त्यानं का टाकला, हा प्रश्न पडतो. घाई होती की चहा गार झाला होता की मन थाऱ्यावर नव्हतं? इथं मला पहिल्यांदा वाटलं की वहीत काहीतरी हललं.

दुसरी एक गोष्ट शुद्धलेखनाची. सरकारी लिहिण्यात 'सांगितले', 'केले', 'पाहिले' अशीच रूपं लागतात, आणि ती योग्यच आहेत. पण माझ्या तोंडी 'सांगितलं', 'केलं', 'पाहिलं' असतं. वहीत मी ती बोलतानाची रूपं लिहायला लागले आणि वाक्यांची लांबीच बदलली. 'केले'वर वाक्य ठाम उभं राहतं, 'केलं'वरून पुढं सरकायला वाव मिळतो. हे व्याकरणाच्या पुस्तकात असेल-नसेल, मला कानाला जाणवलं. तेव्हापासून मी लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढं जात नाही.

वाईला गेले तेव्हा आईला जुन्या रफ वह्यांबद्दल विचारलं. त्या कधीच रद्दीत गेल्या होत्या. घर रंगवलं तेव्हा माळा रिकामा केला, असं ती म्हणाली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं ते. तिथूनच भावाला फोन केला. तो चाकणला एका कारखान्यात आहे. म्हटलं, मुक्कामी गाडीची गोष्ट आठवते का रे तुला?

तो म्हणाला, "कोणता भाग?"

त्याला गोष्ट माझ्यापेक्षा जास्त आठवत होती. ड्रायव्हरला खोकला होता, हे मी पार विसरले होते. प्रत्येक वळणाआधी तो खोकायचा आणि म्हणून भावाला वळण आलेलं कळायचं. कंडक्टरच्या पेटीत तिकिटांखाली त्यानं मुलीसाठी घेतलेली रिबीन होती. एका भागात गाडी बंद पडली आणि सगळे उतरून ढकलत होते, पण ढकलणाऱ्यांत एक हात जास्त होता. "तो हात कोणाचा ते तू कधी सांगितलंच नाहीस," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची तक्रार होती. मी वह्या शोधत होते आणि गोष्ट ऐकणाऱ्याजवळ शाबूत होती.

त्यानंतर मी त्याला लिहिलेला भाग वाचून, ध्वनिमुद्रित करून वॉट्सॲपवर पाठवायला लागले. कंपनीच्या बसमध्ये तो ऐकतो. त्याला साहित्यातलं काही कळतं असा त्याचा दावा नाही, पण त्याच्याइतका अचूक ऐकणारा मला दुसरा मिळणार नाही. तो सरळ सांगतो. "ताई, हे तुझ्या ऑफिसचं पत्र झालं." "इथं मी खिडकीबाहेर बघायला लागलो." "कंडक्टर असं बोलत नाही, तू बोलतेस असं." आणि एखाद्या भागाला नुसतं, "मग?" तेवढं आलं की त्या दिवशी माझ्या हातून फाइलीसुद्धा भराभर हलतात.

एक अडचण मात्र भावालाही सोडवता येत नव्हती. लहानपणी जास्तीचा प्रवासी कोण, हे मला माहीत नव्हतं आणि त्यानं काही अडत नव्हतं. आता मला ते आधी कळायला हवं होतं. तो कोण, कशाचं प्रतीक, गोष्टीतून काय सांगायचंय, हे ठरल्याशिवाय मी पुढचं पान लिहीना. निबंधाच्या शेवटी बोध लिहिण्याची जी सवय लागली होती ती आता सुरुवातीलाच बोध मागत होती. कधी तो प्रवासी म्हणजे मृत्यू ठरवला, कधी भूतकाळ. प्रत्येक वेळी गोष्ट तिथंच बसकण मारायची.

यातून बाहेर पडायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली 'किशोर'. १९७१ साली सुरू झालेल्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवले आहेत. मी माझ्या शाळेच्या वर्षांचे अंक उघडले. मुखपृष्ठं पाहताच ग्रंथालयातल्या बाकाचा थंडपणा आठवला, ते तर झालंच. पण या खेपेला मी गोष्टी कशा सुरू होतात ते वही घेऊन बघत बसले. ज्या मला लहानपणापासून लक्षात राहिल्या होत्या, त्यांत पहिल्या दोन-तीन ओळींतच कोणीतरी निघालेलं असायचं, कोणाचं तरी काहीतरी हरवलेलं असायचं, कोणीतरी दार वाजवत असायचं. लिहिणाऱ्यानं मुलांना थांबवून काही समजावलं नव्हतं. आधी चालायला घेतलं होतं.

दुसरी गोष्ट भिलारची. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. राज्य मराठी विकास संस्थेचा उपक्रम आहे. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या, पडव्या पुस्तकांसाठी दिल्या, प्रत्येक घरात वेगळ्या प्रकारची पुस्तकं. कोणीही जावं, खुर्ची ओढावी, वाचत बसावं. मला तिथं जायचंच होतं, पण खरं कारण रस्ता होता. वाईहून भिलारला जायचं म्हणजे पसरणीचा घाट चढावा लागतो.

माहेरी राहून सकाळच्या एसटीनं निघाले. शाहीर साबळ्यांचं पसरणी मागे पडलं आणि घाट लागला. हा घाट मी लहानपणी खूपदा चढले असेन, पण कधी बघितला नव्हता, त्यात भुतं शोधली होती. या वेळी मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि त्याचे हात पाहिले. वळण यायच्या बरंच आधी त्याचा डावा हात गिअरवर जातो. समोरून गाडी आली की दोघं ड्रायव्हर एकमेकांकडे बघून बोटं किंचित उचलतात. वर गेलं की खाली वाई दिसते, धोम धरणाचं पाणी दिसतं, समोर पांडवगड. एका वळणावर एक बाई हात करून थांबली होती, कडेवर मूल, पायाशी पिशवी. थांबा नव्हता तो. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टरनं पिशवी वर ओढून घेतली आणि तिला विचारलं, "आज इतक्या सकाळी?" ती म्हणाली, "आईकडं." बस्स. दांडेघरला ती उतरून गेली.

भिलारला बालसाहित्य ठेवलेल्या घरात बसले होते. शेजारी दोन मुलं एकच पुस्तक वाचत होती, एकाचं पान वाचून झालं की तो दुसऱ्यासाठी थांबायचा. घरातल्या आजी मधूनच येऊन पाणी हवं का विचारायच्या. मी वही उघडली आणि जास्तीच्या प्रवाशाच्या जागी त्या बाईला बसवलं. ती कोण हे ठरवलं नाही. ती आईकडं निघाली आहे एवढंच माहीत होतं. कंडक्टर माणसं मोजतो, एक जास्त भरतं, प्रत्येकाकडे तिकीट आहे. तिच्याकडेही आहे. पण तिचं तिकीट आजचं नाही. हे मी लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं. तिकीट आजचं नाही, तर मग कधीचं? तारीख वाचायला कंडक्टर ते दिव्याखाली धरतो, आणि मलाही ती तारीख तेव्हाच त्याच्याबरोबर कळली.

अर्थ मागून येतो. कधी येतही नाही आणि तरी गोष्ट उभी राहते. लहानपणी हे मला शिकवावं लागलं नव्हतं, कारण रात्री अंथरुणात बसलेला भाऊ अर्थ विचारत नव्हता, पुढचं विचारत होता.

रोजचं लिहिणं मी सकाळी करते. आमच्याकडे नळाला पाणी लवकर येतं. त्याच्या आधी उठायचं, दिवा लावायचा, लिहायचं आणि नळ वाजायला लागला की थांबायचं. आधी मला हे टोचायचं. वाक्य अर्धं राहायचं आणि मी हंडे-बादल्यांकडे पळायचे. मग लक्षात आलं की अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी फार कामाला येतं. कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही. कालचा कंडक्टर हातात तिकीट धरून उभा असतो, त्याला पुढं न्यायचं, एवढंच. दिवसभर टपाल नोंदवताना, रजेचे अर्ज तपासताना तो मनात उभा असतो. आता मी मुद्दाम पान पूर्ण करत नाही. नवऱ्यानं एकदा पाणी भरायचं काम स्वतःकडे घेतो म्हणून सांगितलं, मनापासून सांगितलं, पण मी नको म्हटलं.

मानपत्रंही बदलली. आता कोणी निवृत्त होणार असलं की मी सेवापुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी बसते आणि विचारते, यातल्या कोणत्या नोंदीवर तुम्ही बोट ठेवाल? सगळेच सांगत नाहीत. काहींना जुनंच मानपत्र हवं असतं, तेही मी मनापासून लिहून देते. पण एका वरिष्ठ लिपिक बाईंनी प्रसूती रजेच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि जे सांगितलं, ते मी मानपत्रात लिहिलं नाही. ते त्यांनी मला सांगितलं होतं, सभेला नाही. कुठलं लिहायचं आणि कुठलं ऐकून ठेवायचं, हा विचार मला लिहायला लागल्यावरच करावा लागला, आणि तो मला लिहिण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

गोष्टीचा पहिला मोठा भाग पुरा झाला तेव्हा दिवाळी अंकांचा विचार मनात आला. मराठीत लिहिणाऱ्या माणसाच्या मनात तो येतोच. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे चाललेलं आहे. अंक दिवाळीत येत असले तरी मजकूर बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातच द्यावा लागतो. मी एका ठिकाणी पाठवला, अजून उत्तर आलेलं नाही. वाट बघते आहे.

दरम्यान आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा जमणाऱ्या मंडळींनी मला वाचायला बोलावलं. बहुतेक निवृत्त माणसं, काही गृहिणी, कॉलेजातली दोन मुलं. मी घाटातला भाग वाचला. गाडी गरम होते, ड्रायव्हर वळणावर थांबून बॉनेट उघडतो आणि पाणी घालतो, तेवढ्यात बाई चढते, असा तो प्रसंग. वाचून झाल्यावर टाळ्या झाल्या, चहा आला. मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा उठून जवळ आले. पांढरी टोपी, हातात काठी. म्हणाले, "ताई, गोष्ट लई चांगली हाय. पण इंजान तापल्यावर लगेच झाकण उघडत न्हाईत. वाफ तोंडावर येती. गडी भाजून निघल. फडकं टाकून, जरा दम धरून, मग."

ते एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाड्या त्यांनी बरीच वर्षं चालवल्या होत्या. मी तिथंच पेन काढलं. त्यांच्या 'दम धरून'मुळे माझा प्रसंगच सुधारला. ड्रायव्हर आणि कंडक्टर इंजिन गार व्हायची वाट बघत अंधारात उभे राहतात, तो वेळ आधी गोष्टीत नव्हताच. आता त्या वेळात बाई चढते, आणि दोघांपैकी कोणीच तिला चढताना बघत नाही, कारण दोघांचं लक्ष फडक्याकडे आहे. भावाला हा बदललेला भाग पाठवला तर त्यानं तो परत परत ऐकल्याचं सांगितलं.

आजोबांनी घरी बोलावलंय. रविवारी जाणार आहे. विचारायचं ते वहीत उतरवून ठेवलंय. मुक्कामाच्या गावात गाडी देवळापुढं लावायचे की शाळेपुढं? रात्रीचं जेवण कोणाकडे असायचं, आणि त्याचे पैसे घ्यायचे का लोक? थंडीत पहाटे गाडी चालू झाली नाही तर ढकलायला कोण उठायचं? कंडक्टर रात्री रोकड कुठं ठेवून झोपायचा? आणि शेवटच्या थांब्यावर एखादी बाई एकटीच उतरली, घर लांब असलं, तर दोघांपैकी कोणी तिला घरापर्यंत सोडायला जायचं का? पुढचा भाग या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर अडला आहे. भावाला तसं सांगितलंय.